खारपाणपट्ट्यात ‘एका गोळीनं काय होतंय’ म्हणू नका

गावात डॉक्टर नाही, तालुक्याला जायचं तर घरच्यांची मजुरी बुडते; मग पोरानं मेडिकलवरून एखादी गोळी आणून खाल्ली तर एवढं काय बिघडलं? किशोरवयीन मुलं स्वतःच्या मनानं औषधं घेतात, हा विषय काढला की संग्रामपूर तालुक्यात हा सवाल हमखास समोर येतो. विचारणारी माणसं वाईट नसतात. कधी तो शाळेतला शिक्षक असतो, कधी मुलाची आई, कधी खुद्द मेडिकलवाला. या बोलण्यात गरिबीची खरी कळकळ आहे आणि म्हणूनच ते खोडून काढायला जड जातं. तरीही ते खोडायलाच हवं, कारण ज्या गरीब घरांच्या नावानं हा युक्तिवाद चालतो, त्याची किंमतही त्याच घरांना मोजावी लागते.

पहिली गोष्ट अशी, की संग्रामपुरात खाल्लेली गोळी आणि पुण्यात खाल्लेली गोळी एकाच कारखान्यातून आलेली असली तरी दोन्हींचा धोका सारखा नाही.

हा बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तर टोकाचा तालुका. वर सातपुडा आणि अंबाबरव्याचं जंगल, खाली पूर्णेच्या खोऱ्यातली काळी, खोल जमीन. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत मिळून सुमारे ४,७०० चौरस किलोमीटरचा जो खारपाणपट्टा आहे, त्यात या तालुक्याची खालच्या अंगाची गावं येतात. विहिरीचं आणि बोअरचं पाणी खारट, डाळ न शिजू देणारं. संग्रामपूर आणि जळगाव जामोद या दोन तालुक्यांतले किडनीचे रुग्ण हा इथला जुना विषय आहे. वर्तमानपत्रांतून तो वर्षानुवर्षं छापून येतो, मोर्च्यांत आणि निवेदनांत मांडला जातो, आणि कुणाच्या तरी नात्यात डायलिसिसवरचा माणूस निघतोच. वान धरणावरून दोन्ही तालुक्यांसाठी १४० गावांची पाणीपुरवठा योजना आखली गेली ती या खाऱ्या पाण्यावरचा उतारा म्हणून. पाण्यातला कोणता घटक किडनीला किती बाधतो यावर तज्ज्ञांचा वाद अजून मिटलेला नाही. तो चालू राहो. पण जिथं किडनीवर आधीच भार असल्याची शंका गावाला स्वतःलाच आहे, तिथं किडनीला दुखावणारं औषध विचारल्याशिवाय घेणं हे साधं कसं ठरेल?

आणि वेदनाशामक गोळ्या किडनीला दुखावतात, यात वाद नाही. शरीरात पाणी कमी पडलं की किडनीकडे जाणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या आकसायला लागतात. अशा वेळी प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं त्या उघड्या ठेवतात आणि किडनीला रक्त मिळत राहतं. डायक्लोफिनॅक, अॅसिक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, निमेसुलाइड, मेफेनामिक अॅसिड या औषधांचं कामच मुळी प्रोस्टाग्लँडिन तयार होऊ न देणं हे आहे. अंगदुखी थांबते ती त्यामुळेच, आणि तहानलेल्या किडनीचा आधार सुटतो तोही त्यामुळेच. भरपूर पाणी प्यायलेल्या, धडधाकट मुलाला एखाद्या गोळीनं बहुधा काही होत नाही, हे खरं. मात्र विदर्भातलं सोळा-सतरा वर्षांचं पोर एप्रिल-मेमध्ये भरपूर पाणी प्यायलेलं असतं का? पारा ४४-४५ अंशांवर असतो, पिण्याचं पाणी विकतच्या कॅनचं असतं आणि ते पुरवून पुरवून प्यावं लागतं. पोलीस भरतीची तयारी करणारा मुलगा पहाटे १६०० मीटर पळतो. नडगी भरून येते. संध्याकाळी पुन्हा मैदानावर जायचं असतं, म्हणून दुपारी गोळी. दुसऱ्या दिवशी पुन्हा गोळी. भरती दोन महिन्यांवर आली की ती रोजची होते, आणि जोडीला जिममधल्या कुणीतरी सुचवलेली ‘तब्येत बनवायची’ गोळीही सुरू होते. त्या गोळीत डेक्सामेथासोनसारखं स्टेरॉइड असेल तर चेहरा आणि अंग भरल्यासारखं दिसतं. भरतं ते पाणी आणि चरबी. स्नायू उलट झिजतात.

डायक्लोफिनॅकचा एक इतिहास इथल्या लोकांनी डोळ्यांनी पाहिला आहे. सातपुड्याच्या पायथ्याला मेलेलं जनावर टाकलं की आभाळातून उतरणारी गिधाडं १९९० च्या दशकात दिसेनाशी झाली. भारतभरातल्या गिधाडांच्या मुख्य जातींची संख्या ९५ टक्क्यांहून जास्त घटली. २००४ साली ‘नेचर’ या नियतकालिकात आलेल्या संशोधनानं कारण दाखवलं: जनावरांना दिलेलं डायक्लोफिनॅक मांसातून गिधाडांच्या पोटात जात होतं आणि त्यांच्या किडन्या बंद पडत होत्या. २००६ मध्ये सरकारनं जनावरांसाठी हे औषध बंद केलं. मग लोक माणसांसाठीच्या इंजेक्शनच्या मोठ्या बाटल्या गुरांना टोचू लागले, म्हणून २०१५ मध्ये माणसांसाठीची बाटलीसुद्धा ३ मिलिलिटरची, एका वेळेपुरतीच ठेवायचा हुकूम निघाला. २०२३ मध्ये जनावरांसाठीचं अॅसिक्लोफिनॅक आणि किटोप्रोफेन गेलं, त्यानंतर निमेसुलाइडही. गिधाडाचं शरीर वेगळं, माणसाचं वेगळं. पक्ष्याला मारणारी मात्रा माणसाला मारत नाही, आणि तसं सांगत फिरणं म्हणजे नुसती भीती घालणं होईल. पण या औषधांचा रोख कोणत्या अवयवावर आहे हे देशाला दोन दशकांपासून माहीत आहे. गिधाडांसाठी एवढे हुकूम निघू शकले. मग खारपाणपट्ट्यातल्या मुलांसाठी ‘काही होत नाही’ हे उत्तर कसं पुरेल?

आता ‘डॉक्टर नाही’ या मुद्द्याकडे येऊ. तो खोटा नाही. सातपुड्याच्या कुशीतल्या आदिवासी गावांतून वरवट बकालच्या ग्रामीण रुग्णालयापर्यंत जाणं म्हणजे एका माणसाचा आख्खा दिवस. पण डॉक्टर नसलेल्या गावाचा विचार कायद्यानं फार आधी करून ठेवला आहे, हे युक्तिवाद करणाऱ्यांना माहीत नसतं. १९४५ च्या औषध नियमांत ‘शेड्यूल के’ आहे. एक हजारापर्यंत लोकसंख्येच्या गावात काही घरगुती औषधं परवाना नसलेल्या साध्या दुकानातही विकता येतात, असं ते सांगतं. त्या यादीत पॅरासिटामॉल आहे, ॲस्पिरिन आहे, दुखण्यावर चोळायचे बाम आहेत, आम्लपित्ताची औषधं आहेत, आयोडीन आहे, कापूस आहे. डायक्लोफिनॅक त्यात नाही. निमेसुलाइड नाही. एकही अँटिबायोटिक नाही. एक अटही आहे: माल कारखान्यातून आला त्या मूळ, न उघडलेल्या वेष्टनातच विकायचा. म्हणजे गरीब, लांबच्या गावाला अडल्यानडल्याला औषध मिळावं ही सोय आहेच. संग्रामपूरच्या पोरांच्या हातात जे पडतं ते या सोयीच्या पलीकडचं आहे, आणि गरिबीच्या नावानं ज्याचं समर्थन होतं तेही तेच.

हातात काय पडतं, ते एकदा जवळून बघावं. मुलगा काउंटरवर म्हणतो, ‘भाऊ, डोकं दुखून राह्यलं, दोन गोळ्या द्या.’ दुकानदार दहाच्या पत्त्यातून कात्रीनं दोन गोळ्या कापतो. औषधाचं नाव पत्त्यावर तिरकं छापलेलं असतं, त्यातली तीन-चार अक्षरं मुलाकडे येतात, उरलेली दुकानात राहतात. मुदत संपण्याची तारीख पत्त्याच्या एका कडेला असते. ती बहुतेक वेळा दुकानातच राहते. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नये असं सांगणारी उभी लाल रेघ अर्धी कापली जाते. कधी वेगवेगळ्या रंगांच्या चार गोळ्या कागदाच्या पुडीत येतात, त्यावर तर काहीच नाही. तिसऱ्या दिवशी अंगावर पुरळ आलं, तोंड सुजलं, आणि मुलाला घेऊन बाप दवाखान्यात गेला, तर ‘काय खाल्लं होतं?’ याचं उत्तर त्याच्याकडे ‘पांढरी गोळी’ एवढंच असतं. पुढचा डॉक्टर पुन्हा तीच गोळी लिहून देऊ शकतो. लाल रेघेची मोहीम केंद्र सरकारनं २०१६ मध्ये लोकांसाठी काढली होती. कात्रीपुढे ती टिकत नाही.

‘दवाखाना परवडत नाही’ हेही आता पूर्वीसारखं उरलेलं नाही. १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपर, तपासणी, उपचार सगळं मोफत झालं. उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी आहे, आशाताईंच्या पिशवीत पॅरासिटामॉल आणि ओआरएस आहे, ई-संजीवनीवरून फोनवर डॉक्टरशी बोलता येतं. ही यंत्रणा सगळीकडे नीट चालते असा दावा कुणी करू नये. अधिकारी जागेवर नसतो, औषध संपलेलं असतं, ओपीडीची वेळ आणि शाळेची वेळ एकच असते. या तक्रारी मोठ्यानं करायला हव्यात. पण यंत्रणा लंगडी आहे म्हणून तिच्याकडे जायचंच सोडलं तर ती सुधारावी असा दबाव येणार कुठून? दवाखान्याच्या रजिस्टरवर रुग्णच नसले की जिल्ह्याला वाटतं, तिथं आजारच नाहीत.

नोंदीचा हा मुद्दा बारीक वाटेल, पण शेजारच्या शेगाव तालुक्यानं त्याचं मोल दाखवलं आहे. २०२४ च्या डिसेंबरअखेरीस आणि २०२५ च्या जानेवारीत तिथल्या बोंडगाव, कालवड आणि आसपासच्या गावांत लहानमोठ्यांचे केस चार-पाच दिवसांत हातात यायला लागले. आधी शाम्पूवर संशय गेला, मग पाण्यावर. लोक आरोग्य खात्यासमोर आले, गाववार याद्या झाल्या, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचं पथक आलं. डॉ. हिंमतराव बावस्करांनी गव्हातल्या आणि रुग्णांच्या रक्तातल्या वाढलेल्या सेलेनियमकडे बोट दाखवलं. प्रत्येकानं आपापल्या घरी तेल चोळून गप्प बसायचं ठरवलं असतं तर हे काहीच उघड झालं नसतं. अंगाला सूज, लघवी कमी होणं, सारखं डोकं दुखणं ही तर किडनीच्या बिघाडाची सुरुवातीची लक्षणं असू शकतात. खारपाणपट्ट्यातल्या चौदा वर्षांच्या मुलीचं डोकं आठवड्यातून तीनदा दुखत असेल तर तिला आधी रक्तदाब मोजून हवा आहे. गोळीनं डोकं दुखायचं थांबतं आणि मोजणं राहून जातं.

विरोधी बाजूचा आणखी एक आवडता प्रश्न: डॉक्टर तरी वेगळं काय देतो? तीच गोळी देतो, वर फी घेतो. शिवाय डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच्या औषधानंही मुलं मरतातच की! हा वार सर्वांत जिव्हारी लागणारा आहे, कारण उदाहरण ताजं आणि जवळचं आहे. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याचं ‘कोल्ड्रिफ’ औषध पिऊन वीसहून अधिक बालकं किडनी बंद पडून गेली. त्यांतली अनेक उपचारासाठी आपल्या नागपूरला आणली होती. तामिळनाडूतल्या कारखान्याच्या त्या औषधात ४८.६ टक्के डायएथिलीन ग्लायकॉल हे विष निघालं. महाराष्ट्रालाही १९८६ आठवायला हवं. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात अशाच विषारी ग्लिसरीननं १४ रुग्ण दगावले आणि न्यायमूर्ती लेंटिन आयोगानं औषध प्रशासनाचे वाभाडे काढले. डॉक्टरची चिठ्ठी म्हणजे अभयदान नव्हे, हे शंभर टक्के मान्य. पण छिंदवाड्यात कारण सापडलं ते कसं? आजारी मुलांनी कोणतं औषध घेतलं, त्याची बाटली कोणती, बॅच कोणती, याचा माग काढता आला म्हणून. एस.आर.-१३ ही बॅच महाराष्ट्रात थांबवायचा आदेश निघू शकला तो बाटलीवर क्रमांक होता म्हणून. कात्रीनं कापलेल्या, नाव नसलेल्या गोळीचा माग कुणी कसा काढणार? छिंदवाड्याचा दाखला स्वतःच्या मनानं औषध घेण्याच्या बाजूचा नाही, तो त्याच्या विरोधातला सर्वांत भक्कम पुरावा आहे.

मुलींच्या बाबतीत ही बेफिकिरी आणखी खोल जाते, आणि तिच्याबद्दल घरात कुणी बोलत नाही. शेजारच्या अकोल्यातलं प्रकरण २०२३ च्या सुरुवातीला बाहेर आलं. महाविद्यालयात शिकणारी एक मुलगी, तिची बहीण आणि आई यांनी गोरं दिसण्यासाठी पार्लरमधून आणलेलं क्रीम लावलं. तिघींच्या किडन्या आजारी पडल्या. मुंबईच्या केईएम रुग्णालयात तपासण्या झाल्या तेव्हा क्रीममध्ये पारा निघाला. ते क्रीम औषध म्हणून विकलेलंही नव्हतं. मेडिकलवर ‘चेहऱ्याची ट्यूब’ म्हणून जे मिळतं त्यात मात्र अनेकदा औषधच असतं, स्टेरॉइड. आठ दिवस चेहरा उजळतो, नंतर कातडी पातळ आणि लाल होते, पुटकुळ्या येतात, ट्यूब बंद केली की आग होते. गजकर्णावर हीच ट्यूब लावणाऱ्या मुलांची बुरशी अंगभर पसरते. २०१८ मध्ये अशा १४ स्टेरॉइड मलमांना चिठ्ठीशिवाय विक्रीतून बाहेर काढलं, तरी ‘चेहऱ्याची ट्यूब द्या’ एवढं म्हटलं की ती आजही मिळते.

पाळीच्या दुखण्यावर मेफेनामिक अॅसिडची गोळी मैत्रिणी-मैत्रिणींत दप्तरातून फिरते. नोव्हेंबर २०२३ मध्ये भारतीय औषधसंहिता आयोगानं या औषधानं क्वचित ‘ड्रेस सिंड्रोम’ नावाची गंभीर प्रतिक्रिया येऊ शकते, असा इशारा दिला. पुरळ, ताप, गाठी सुजणं आणि आतल्या अवयवांना इजा असं तिचं स्वरूप असतं. धोका दुर्मीळ आहे, पण दरमहा शाळा बुडवणारं दुखणं दुर्मीळ नाही, आणि त्याचं कारण कधीच शोधलं जात नाही. त्याहून वाईट म्हणजे पाळी पुढे ढकलण्याची गोळी. महालक्ष्म्या बसल्या, घरात लग्न निघालं, गजानन महाराजांच्या दर्शनाला शेगावला जायचं ठरलं, की पंधरा वर्षांच्या मुलीला काकू किंवा आत्या नॉरेथिस्टेरॉनची गोळी आणून देते. हे संप्रेरक आहे. ज्यांना रक्तात गुठळी होण्याची प्रवृत्ती असेल, यकृताचा आजार असेल, त्यांना ते देऊ नये असा वैद्यकाचा नियम आहे. मुलीला विचारणारं कुणी नसतं. इथं गोळी मुलीनं स्वतःच्या मनानं घेतलेलीच नसते, ती तिच्याकडून घेववलेली असते.

पावसाळ्यात आणखी दोन गोष्टी भर घालतात. डेंग्यूच्या तापात डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन यांनी रक्तस्राव वाढू शकतो. ताप डेंग्यूचा असण्याची शंका असेतोवर पॅरासिटामॉलच द्यावं, तेही मोजून. पॅरासिटामॉललाही हद्द आहे: मोठ्या माणसाला चोवीस तासांत चार ग्रॅम. सर्दीच्या बहुतेक गोळ्यांत ते आधीच असतं, त्यामुळे ६५० ची गोळी आणि सर्दीची गोळी एकत्र घेणारा मुलगा नकळत दुप्पट खातो आणि झळ यकृताला बसते. दुसरं म्हणजे फवारणी. कपाशी आणि सोयाबीनवर पंप घेऊन सुट्टीच्या दिवशी शाळकरी पोरंही उतरतात. डोकेदुखी, मळमळ, घाम ही कीटकनाशक अंगात भिनल्याची पहिली खूण असू शकते. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, हे विदर्भाला सांगायची गरज नाही. त्या संध्याकाळी डोकेदुखीची गोळी खाऊन झोपणं म्हणजे दवाखान्यात पोचायचे मोलाचे तास घालवणं.

अँटिबायोटिकची गोष्ट सर्वांना ऐकून माहीत आहे, पण पटलेली कुणालाच नाही. घसा दुखला की तीन दिवस अॅझिथ्रोमायसिन, बरं वाटलं की उरलेली गोळी घरातल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत, पुढच्या वेळी धाकट्या भावाला. अर्धवट उपचारातून वाचलेले जंतू औषधाला दाद देईनासे होतात आणि पुढच्या टायफॉइडच्या वेळी साधी गोळी चालत नाही. सलाईनमधून महागडं औषध द्यावं लागतं. गरिबीचा युक्तिवाद करणाऱ्यांनी हा हिशेब मांडून पाहावा.

मग दोष पोरांचा का? ‘मोबाईलनं पोरं बिघडली, रील बघून औषधं खातात’ असं म्हणणारे दुसऱ्या टोकाला उभे आहेत. त्यांचंही चुकतं. मुलगा काउंटरवर जायला सहाव्या वर्षी शिकतो, आजीच्या गुडघ्याची गोळी आणायला घरचेच पाठवतात म्हणून. ‘काई होत नाई बापा, घे एक’ हे तो मोबाईलवर ऐकत नाही, ओसरीवर ऐकतो. आणि विकणारा प्रौढ असतो, परवानाधारक असतो. शेड्यूल एचचं औषध चिठ्ठीशिवाय विकू नये, एच-१ मधल्या औषधांची रजिस्टरात नोंद करून ती तीन वर्षं जपावी, हे बंधन त्याच्यावर आहे, मुलावर नाही. हे बंधन पाळून घेता येतं, हेही महाराष्ट्रानं पाहिलं आहे. महेश झगडे अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त असताना दुकानात फार्मासिस्ट हजर हवा आणि चिठ्ठी हवी, यासाठी राज्यभर परवान्यांवर कारवाई झाली. औषध विक्रेत्यांनी बंद पुकारला, बाजूनं आणि विरोधात रान उठलं. ते आयुक्तपदावरून गेल्यावर जोर ओसरला. नियम तेच आहेत.

संग्रामपुरात यासाठी नवा कायदा नको. पत्ता कापायचाच असेल तर नावाचा आणि तारखेचा भाग ग्राहकाकडे जाईल असा कापावा, नाहीतर औषधाचं नाव आणि मात्रा कागदावर लिहून द्यावी. दुकानदाराला यासाठी अर्धं मिनिट लागतं. अठरा वर्षांखालच्या मुलाला पॅरासिटामॉल आणि ओआरएसपलीकडे काही देण्याआधी घरच्या मोठ्या माणसाला बोलवावं आणि चिठ्ठी मागावी. वेदनाशामक मागणाऱ्या पोराला ‘लघवी नीट होते का, पाणी किती पिलं’ एवढं विचारावं. आणि राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं जे पथक शाळेत अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांना तपासायला येतं, त्यानं या तालुक्यात आणि जळगाव जामोदमध्ये नववी ते बारावीच्या प्रत्येक मुलामुलीचा रक्तदाब मोजावा आणि लघवीत प्रथिनं जातात का हे पट्टी बुडवून पाहावं. ज्यांच्यात शंका येईल त्यांची क्रिएटिनिनची तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होऊ शकते. हा कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला तोच मुळी महाराष्ट्रातल्या पालघरमधून. विदर्भातल्या शाळा जूनअखेर उघडतात. त्याआधीच्या ग्रामसभेत एवढा ठराव करून तो तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे द्यायला कुठल्याही गावाला परवानगी लागत नाही.